अर्ज

कविता मी नंतर लिहिली. आधी अर्ज लिहिले.

सातवीत होतो. आजानं पुढ्यात फुलस्केप कागद ठेवला, मधे कार्बन घातला आणि म्हणाला, "लिही. वरतं मधोमध. माननीय तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी." मी 'सेवेशी' चुकवलं, खोडलं, परत लिहिलं. आजानं कागद काढून घेतला. खाडाखोड चालायची नाही. म्हणाला, "साह्यबाला वाटंल, ह्यांचं ह्यांनाच धड म्हाईत न्हाई." आजाला सहीपुरतं लिहिता येत होतं. पण आयुष्यभर एवढे अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतले होते की कुठल्या ओळीखाली कुठली ओळ येते ते त्याला पाठ होतं. विषय. महोदय. विनंती अर्ज करतो की. आपला नम्र. आणि सगळ्यात शेवटी डाव्या हाताला, सोबत जोडलेले कागद.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तालुक्याला. टेबलामागच्या बाबूनं वरची प्रत ठेवून घेतली, कार्बनच्या प्रतीवर गोल शिक्का मारला, तारीख टाकली. ती पोच. एस्टी स्टँडवर येईपर्यंत आजा ती पोच हातात उघडीच धरून चालला होता, शाई वाळावी म्हणून. "पोच घेतल्याबिगर मागारी यायचं न्हाई," हे त्यानं मला त्या दिवशी सांगितलं. घरी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात बाबासाहेबांचा फोटो, आजाचा गिरणीचा पास आणि दोऱ्यानं बांधलेला पोचांचा गठ्ठा. आम्ही पोरं तेव्हा हापिस-हापिस खेळायचो. बटाटा अर्धा कापून त्यावर खिळ्यानं रेघा ओढायच्या, निळीत बुडवून पाठीवर, भिंतीवर, पाटीवर शिक्के. साहेब व्हायला कुणी तयार नसायचं. सगळ्यांना शिक्का मारणारा व्हायचं असायचं.

त्या वयात सरकार म्हणजे मला एक फार मोठा, लांब राहणारा, पण आपल्याच घरातला माणूस वाटायचा. गावात आपलं कुणी नाही, पण तालुक्याच्या पलीकडं कुठं तरी एक आहे, त्याला कळलं की तो येईल. कळत नाही तोवरच उशीर. म्हणून अर्ज.

इतिहास लिहायला बसलो आणि घरचंच सांगत सुटलो, असं कुणी म्हणेल. इतिहास लिहायला डिग्री लागते म्हणतात. माझ्याकडं आठवी पास आणि सूतगिरणीतली तिसरी पाळी आहे. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधता सांधता जे वाचलेलं डोक्यात घोळतं तेवढंच मी लिहू शकतो. हा विश्वास आमच्यात आला कुठून, ते मला शोधायचं होतं. आजाच्या आधी किती जणांनी असे कागद धरून शाई वाळवली?

सरकारशी आमचं नातं फार जुनं. गावगाड्यात महार हा सरकारचा सगळ्यात खालचा नोकर. सारा जमला की तो तालुक्याला पोचवायचा. चावडीवर कुणाला बोलवायचं तर महारानं बोलवायचं. टपाल वाहायचं. अंमलदार आला की घोड्याला चारा, चुलीला लाकूड, रात्रीची राखण. शिवेचा तंटा लागला की हद्द दाखवायला महारच, कारण शीव त्याच्या पायाखालची. खजिना डोक्यावर घेऊन जाणाऱ्याच्या सावलीचा विटाळ होत होता, खजिन्याचा होत नव्हता. या चाकरीबद्दल वतनाचा जमिनीचा तुकडा आणि गावाकडून बलुतं. चाकरी सरकारची आणि भाकरी गावाच्या उंबऱ्यावर, ही त्यातली मेख. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात बदल करणारं बिल आणलं ते ही मेख उपटायला. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर, बाबासाहेब गेल्यावर. म्हणजे तीस वर्षं. हा तीसचा आकडा ध्यानात ठेवा. आमच्या कामांना लागणारा वेळ असाच असतो.

पलटणीचं तसंच. कंपनी सरकारच्या फौजेत महार होते, लढले, मेले, पेन्शनी खाल्ल्या. मग १८९० च्या आसपास इंग्रजाच्या डोक्यात लढाऊ जात आणि बिनलढाऊ जात हे खूळ शिरलं आणि भरती बंद झाली. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर फौजी. त्यांनी १८९४ साली अर्ज तयार केला की आम्हाला परत फौजेत घ्या. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरवली, सरकारला अर्ज केला, पुढं १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याला अर्ज पाठवला. पोलिसात घ्या, फौजेत घ्या, शाळेत घ्या. ही माणसं कुठल्या भाषेत लिहीत होती? आपण राजनिष्ठ आहोत, आपण साम्राज्याची सेवा केली आहे, दयाळू सरकारनं लक्ष द्यावं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला लाज वाटली. वीस वर्षांचं रक्त होतं. वाटलं, काय हे गुडघे टेकणं. मग आजाचे अर्ज आठवले. 'आपला नम्र.' नम्र तर तो कधीच नव्हता. गावच्या पाटलापुढं खाटेवरून उठायचा नाही म्हणून दोनदा मार खाल्लेला माणूस तो. ती नुसती शेवटची ओळ होती, ज्याशिवाय कागद आत घेत नाहीत.

भरती उघडली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, माणसं कमी पडायला लागली तेव्हा. १९२१ साली ती पलटण मोडली. १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंट उभी राहिली. अर्जानं दार उघडलं की लढाईनं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला वाटतं दार लढाईनं उघडलं, पण उघडल्यावर दारात कोण उभं होतं? जे वीस-पंचवीस वर्षं कागद घेऊन तिथंच उभे होते ते.

याच वलंगकरांना १८९५ साली सरकारनं महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. बाकीचे उच्चवर्णी मेंबर खवळले. महार आमच्या शेजारी बसणार? महाड हे नाव आपल्या इतिहासात इथं पहिल्यांदा येतं, चवदार तळ्याच्या बत्तीस वर्षं आधी. तेव्हा भांडण खुर्चीचं होतं.

आता तळ्याकडं येतो. महाडची गोष्ट आपल्याला पाठ आहे असं आपल्याला वाटतं. २० मार्चला गाडीवर निळं निशाण बांधून आपण जातो, तळ्याला वळसा घालतो, भेळ खातो, येतो. मीही गेलोय. पण महाडची गोष्ट आपण निम्मीच सांगतो. पाणी प्यायलो, मारामारी झाली, मनुस्मृती जाळली, संपलं. उरलेली निम्मी गोष्ट कागदांची आहे आणि ती दहा वर्षं चालली.

सुरुवातही कागदानंच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला की सरकारी पैशानं बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत. ठराव पास झाला. सप्टेंबरात सरकारनं खात्यांना तसे हुकूम धाडले. महाडच्या नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला स्वतःचा ठराव करून चवदार तळं मोकळं केलं. कागदावर तळं आपलं झालं. तीन वर्षं एकही माणूस तिथं पाणी भरायला गेला नाही. कोण जाणार? तळ्याच्या चारी बाजूंनी सवर्णांची घरं. मुंबई इलाख्यात सगळीकडं हेच झालं, म्हणून बोल्यांना १९२६ च्या ऑगस्टात परत उभं राहून म्हणावं लागलं की ज्या नगरपालिका ठराव पाळत नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. म्हणजे सरकारचं सरकार ऐकत नव्हतं.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. बाबासाहेब छत्तिसाव्या वर्षात. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस आपल्या बाजूचे, अनंतराव चित्रे आपल्या बाजूचे. परिषद संपता संपता निघालं की ठराव तर झालेलाच आहे, चला, बजावून येऊ. लोक ओळीनं तळ्यावर गेले आणि प्यायले. मला यातलं हे सांगायचंय की ती माणसं कायदा मोडायला गेली नव्हती. कायदा पाळायला गेली होती. सरकारचा हुकूम होता, नगरपालिकेचा ठराव होता. गावच्या दृष्टीनं मात्र तोच गुन्हा. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली आणि जेवत्या, परतीला लागलेल्या माणसांना लाठ्यांनी झोडलं. परिषदेला आलेल्यांत फौजेतून आलेले पेन्शनर होते. त्यांनी मनात आणलं असतं तर महाडचं त्या दिवशी काही वेगळंच झालं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढं मारणाऱ्यांतल्या काहींना कोर्टानं सजा दिली. आणि तळं? तळ्यात एकशेआठ घागरी पंचगव्य ओतून भटांनी ते शुद्ध करून घेतलं. म्हशी त्या तळ्यात पाणी पीत होत्या तेव्हा कुणी घागर आणली नव्हती.

४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला महाड नगरपालिकेनं १९२४ चा ठराव मागं घेतला. तारीख त्यांनी मुद्दाम धरली असं मी म्हणत नाही. त्यांच्या ध्यानातसुद्धा नसेल.

म्हणून डिसेंबरात सत्याग्रह ठरला. आणि इथं गावानं एक नवं शस्त्र काढलं, जे आजवर आपलं होतं. अर्ज. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा घातला: तळं सार्वजनिक नाही, चौधरी तळं म्हणून खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. प्रतिवादी डॉक्टर आंबेडकर आणि इतर. १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरती मनाई दिली.

पंचवीस डिसेंबरला लोक जमले. कुणी जागा द्यायला तयार नाही तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं आपली जागा दिली. हजारांनी माणूस आलेलं. जेलात जायच्या तयारीनं आलेलं. घरच्यांना सांगून, भाकरी बांधून. हजारोंनी सत्याग्रही म्हणून नावं लिहून दिली. त्याच रात्री मनुस्मृती जाळली, सहस्रबुद्धे नावाच्या ब्राह्मणानं तो ठराव मांडला. एका रात्री दोन हजार वर्षांचा कायदा जाळणारी ती माणसं. आणि दुसऱ्या बाजूला चौदा डिसेंबरचा एक कागद, महाडच्या मुन्सफ कोर्टाचा. कलेक्टर स्वतः मांडवात आला, बोलला, कोर्टाचा मनाईहुकूम पाळा म्हणाला. लोक ऐकेनात. तळ्यावर जायचंच म्हणाले. मग बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांनी सत्याग्रह तहकूब करायला लोकांना राजी केलं. सरकारशी आपलं भांडण नाही, दावा आपण कोर्टात जिंकू, या मतलबाचं. सत्तावीस तारखेला लोक मिरवणुकीनं गावातून गेले, तळ्याला वळसा घातला, आणि पाण्याला हात न लावता परत आले.

या प्रसंगापाशी मी किती तरी रात्री अडकून पडलोय. डॉफिंगला बॉबिना भरल्या की चार-सहा मिनिटं साचा बंद असतो, तेवढ्यात हेच डोक्यात. हजारो माणसं पाण्यापासून दहा पावलांवरून फिरतात आणि एकही वाकत नाही. कोर्टाच्या कागदाला एवढा मान कुणी दिला असेल? ज्यांच्या बाजूनं तो कागद होता त्यांनी तरी दिला असता का? नगरपालिकेचा ठराव त्यांनी तीन वर्षं पाळला नव्हता. मी आजाला एकदा विचारलं होतं, तेव्हा मी पंधरा-सोळाचा असेन. म्हटलं, आबा, प्यायचं होतं की पाणी. काय झालं असतं? आजा म्हणाला, "झालं काय असतं, आपुन गुन्हेगार झालो असतो. मग दाव्यात तोंड कुठलं? त्यांस्नी तेच पायजे हुतं." मी म्हटलं, आणि कोर्टानं नाही म्हटलं असतं तर? आजा गप्प झाला. मग म्हणाला, "न्हाई म्हणंल असं धरून कुणी कोर्टात जातं व्हय?"

दावा चालला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. ते अपिलात ठाण्याला गेले. ३० जानेवारी १९३३ ला तिथंही हरले. ते मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी त्यांचं अपील फेटाळलं. वीस मार्च १९२७ ला ओंजळ भरली होती. दहा वर्षाला तीन दिवस कमी.

निकालात काय आहे हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. तळं नगरपालिकेचं ठरलं, खाजगी नाही. उरला वहिवाटीचा मुद्दा. कायद्यात वहिवाट टिकायची तर ती माणसाच्या आठवणीपलीकडची असल्याचं शाबित करावं लागतं. सनातन्यांना ते जमलं नाही. कोर्टाचं म्हणणं असं की तळ्याभोवती सगळी सवर्णांची वस्ती, अस्पृश्य तिकडं फिरकलेच नाहीत हे खरं, पण तेवढ्यावरून अनादी काळाची रूढी सिद्ध होत नाही. बस. विटाळ हा अन्याय आहे असं त्या निकालात नाही. माणसाला पाणी लागतं असंही नाही. पुरावा तोकडा पडला म्हणून आपण जिंकलो. समजा एखादा जुना कागद त्यांच्या ट्रंकेत निघाला असता, दोनशे वर्षांचा, शिक्क्याचा, तर? या विचारानं मला अजून दचकायला होतं.

आणि जिंकेपर्यंत बाबासाहेब त्या तळ्याच्या पुष्कळ पुढं निघून गेले होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे सांगून टाकलं होतं. १९३७ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले होते. पण दावा त्यांनी सोडला नाही. शेवटपर्यंत लढवला. ज्या धर्माचं पाणी नको झालं त्याच धर्माच्या माणसांविरुद्धचा पाण्याचा दावा. अस्पृश्यता कायद्यानं गेली ती १९५० च्या घटनेच्या सतराव्या कलमानं, आणि ते कलम ज्या मसुद्यात आलं त्या मसुदा समितीचा अध्यक्ष महाडच्या दाव्यातला प्रतिवादी होता. माझ्या मनाला असं वाटतं की १९३७ च्या निकालातली ती पळवाट त्यांनी ध्यानात ठेवली असणार. पुरावा माझ्याकडं नाही. पुढं कुठल्याही कोर्टाला वहिवाट किती जुनी ते मोजायची वेळच येऊ नये, असं ते कलम आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं की आता घटनेचे मार्ग मोकळे झालेत, सत्याग्रह आणि असहकार सोडून द्या. महाडचा माणूस हे सांगतो. आणि २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत तोच माणूस रागानं म्हणतो की ही घटना जाळायला मी पहिला पुढं येईन. आमच्या वस्तीत दोन गट आहेत, एक १९४९ सांगतो, एक १९५३ सांगतो. चौदा एप्रिलच्या वर्गणीच्या मीटिंगमध्ये यावरून भांडणं होतात. दोन्ही वाक्यांच्या मधे चार वर्षं आहेत, त्या चार वर्षांत हिंदू कोड बिल अडकलं आणि त्यांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं, हे कुणी सांगत नाही.

आता आजाचं सांगतो, म्हणजे हे सगळं मी का उकरतोय ते कळेल.

आजा मुंबईच्या गिरणीत होता, रिंगफ्रेमवरच. त्याच्या बापाच्या काळात आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, उष्टं होतं म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला होता. आजाच्या वेळी ते पुष्कळ ढिलं पडलं होतं, पण आपली माणसं अजून रिंगफ्रेमलाच जास्त. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा असा की मान्यताप्राप्त युनियन सोडून दुसऱ्या कुणाशी बोलणीच करता येत नाहीत. कायदाही सरकारचाच. संप मिटला असं कुणी जाहीरही केलं नाही. आजा १९८४ ला ट्रंक घेऊन गावी आला. गावाबाहेर गायरान होतं, दगडगोट्यांचं. वस्तीतल्या सात घरांनी ते फोडलं. आमच्या वाट्याला दोन एकर. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा आजा पोरगा होता, जेलभरोला गेलेल्यांना भाकरी पोचवल्याचं सांगायचा. त्या हिशोबानं ही जमीन म्हणजे त्याला लढून मिळालेली वाटायची.

२८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं निर्णय काढला. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. तारीखच बाबासाहेबांच्या जयंतीची, शंभरीच्या वर्षात पाऊल टाकण्याची. आजा म्हणाला, झालं. सरकारला कळलं. त्यानं १९९२ ला अर्ज केला. सोबत गावनमुना एक-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या. दंडाची पावती म्हणजे तू सरकारची जमीन बळकावलीस म्हणून भरलेला दंड. आणि तोच पुरावा की तू कसतोस. आमच्याकडं गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा कागद.

अर्जाचं उत्तर आलं नाही. स्मरणपत्र दिलं. मग सांगितलं फाईल प्रांताकडं आहे. प्रांताकडं सांगितलं खाली पाठवली. मी सातवीत लिहिलेला अर्ज हे किती तरी नंबराचं स्मरणपत्र होतं. २०१६ ला आजा गेला. पोचांचा गठ्ठा आईनं मोजला, एकतीस भरल्या. त्यातल्या नऊ माझ्या अक्षरातल्या.

माझा विश्वास कधी गेला? एका दिवसात नाही. खैरलांजी झाली, २९ सप्टेंबर २००६, मी तिसरीत होतो. मोठी माणसं कुजबुजत होती, आम्हाला बाहेर काढलं. पुढं मोठा झाल्यावर निकालाचं वाचलं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली, पण हा जातीवरून झालेला गुन्हा नाही म्हणून ॲट्रॉसिटीचं कलम लागू केलं नाही. २०१० ला हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षांची शिक्षा केली आणि कलमाबद्दल तेच म्हटलं. सजा झाली, हे खरं. कारण तेवढं गाळलं. मला १९३७ आठवलं. तेव्हाही आपण जिंकलो आणि मुद्दा कागदावर आलाच नाही.

रमाबाईनगरचा गोळीबार, ११ जुलै १९९७, दहा माणसं गेली, तेव्हा मी आईच्या पोटातही नव्हतो. त्यात हुकूम देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं २००९ ला जन्मठेप सुनावली. बारा वर्षं. आजानं ती बातमी पेपरातून कापून ट्रंकेत ठेवली. मला दाखवून म्हणाला, "बघ." त्या 'बघ'ला मी काही उत्तर दिलं नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं हुकूम केला की राज्यातल्या गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत काढा. त्यामागं सुप्रीम कोर्टाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल. गावच्या सार्वजनिक जमिनी धनदांडग्यांनी गिळल्या त्या सोडवा, असा. निकाल वाईट नाही. त्यात अपवाद पण ठेवलाय, सरकारी आदेशानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर. पण पट्टा पाहिजे. आमच्याकडं पोचा. नोव्हेंबरात आमच्या सात घरांना तालुक्याच्या कचेरीतून नोटिसा आल्या. गायरानाला लागून ज्यांचा ऊस आहे आणि ज्यांचा बांध दरवर्षी सरकतो, त्यांना आलेली मी पाहिली नाही.

मी रात्रपाळीवरून आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती, कागद मांडीवर. तिला वाचता येतं, तिनं दोनदा वाचला होता. म्हणाली, "हायकोर्ट म्हंजे तेच का रं, तळ्याचा निकाल दिलेलं?"

मी हो म्हटलं.

"मग आपलंच की," आई म्हणाली. ती टिंगल करत होती की खरंच म्हणत होती, मला अजून उलगडलेलं नाही.

त्या आठवड्यात मी एक कविता लिहिली. कचेरीला आग लावणारी. मित्रांना आवडली, एका बैठकीत दोनदा म्हणायला लावली. टाळ्या पडल्या. घरी आलो तर आईनं ट्रंक बाहेर काढून ठेवली होती, कार्बन शोधत होती. मी म्हटलं, आता झेरॉक्स असतं. ती म्हणाली, मग दोन काढ. गावोगाव ओरड झाली, मोर्चे निघाले, बऱ्याच ठिकाणी पाडापाडी थांबली, आमच्याकडंही थांबली. रद्द झाली नाही, थांबली.

मी अर्ज लिहिला. विषय: गायरान अतिक्रमण नियमित करणेबाबत, दिनांक २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. सोबत एकतीस पोचांच्या झेरॉक्स, दंडाच्या पावत्या, एक-ई चा उतारा. जगपालसिंगच्या निकालातला अपवादाचा परिच्छेद. शेवटी 'आपला नम्र' लिहायचं की नाही यावर मी बराच वेळ थांबलो. लिहिलं. खाडाखोड कुठं केली नाही.

कचेरीत नवी इमारत, नवा काउंटर, काचेमागं एक पोरगी, माझ्याच वयाची, नवी लागलेली असावी. तिनं सगळी पानं मोजली. एवढी आजवर कुणी मोजली नव्हती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. शाई कमी होती, गोल अर्धाच उठला, तारीख फिकट.

मी तिला परत एकदा मारायला लावला.